ओल्या रंगाचं बॉनेट

गाडीला रंग लावायला फारशी अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती लावलेला रंग घासून काढायला. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय. पण जुन्नरात मी उभी हयात गाड्या रंगवण्यात घालवली आणि त्यातला बहुतेक वेळ रंग लावण्यात नाही, उतरवण्यातच गेला. आमच्या भाषेत रंगाच्या एका थराला ‘हात’ म्हणतात. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग पाण्याच्या पेपरने, म्हणजे पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरने घासायचा. परत हात द्यायचा, परत घासायचा. असे सात-आठ हात झाले की शेवटी बारीक पूड ओल्या फडक्यावर घेऊन तळव्याने चोळत राहायचं. दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाला स्वतःच्या मिशीचा केस न् केस त्यात दिसला, तर काम झालं. नाही दिसला तर उद्या परत यायचं.

आता फवारणीची मशिनं आली आहेत. सकाळी गाडी आत, संध्याकाळी बाहेर. पोरं चांगलं काम करतात, माझी काही तक्रार नाही. फक्त गाडीवरून हात फिरवून सांगा म्हटलं की कुठे खड्डा आहे, तर त्यांना डोळे लागतात. मला लागत नाहीत. आमच्या घराण्यात पूर्वी हातकागद बनायचा, आणि माझे आजोबा गारगोटीने कागद घोटत असत. मी ते पाहिलेलं नाही, कागदाचा धंदा माझ्या जन्माआधीच बसला होता. पण अब्बा म्हणायचे की बोटांची नजर घराण्यातून उतरते. मला ते पटतं, कारण डोक्याच्या बाबतीत काहीच उतरलेलं दिसत नाही.

पुण्यात टांगे आणि बग्ग्या रंगवणाऱ्या एका उस्तादाकडे मी शिकलो आणि मुंबई राज्य होतं त्या काळात जुन्नरात परत आलो. तेव्हा गावातल्या मोटारी दोन हातांच्या बोटांवर मोजता येत होत्या. गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. एका बागायतदाराला गाडी बैलाच्या शिंगांसारखी हिंगुळी हवी होती, वर टोकांना पितळी शेंब्याही लावता येतील का म्हणून विचारत होता. दुसऱ्या एकाने रंग वाळेपर्यंत माझ्या दुकानात मुक्काम ठोकला आणि रोज बोट लावून ‘वाळला का’ म्हणून बघितलं. त्याच्या गाडीवर त्याच्याच बोटांचे अकरा ठसे मी घासून काढले. पण आज सांगायचं आहे ते हिराशेठच्या काळ्या गाडीबद्दल.

हिराशेठ म्हणजे बाजारपेठेतले धान्याचे व्यापारी. त्यांची गाडी जुनी विलायती, लांब नाकाची. ती मी पंचवीस दिवस घालवून काळीभोर केली होती. शेठ रोज सकाळी देवपूजा झाली की गाडीपुढे उभे राहून पागोटं नीट करायचे. घरात आरसा होता, पण तो त्यांना आवडेनासा झाला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम, असं मी तेव्हा समजत होतो.

त्याच सुमारास जुन्नरात मालतीबाई नावाच्या डॉक्टरीणबाई येऊन राहिल्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, पण एकदा पदर खोचला की कुणाच्या बापाला न ऐकणाऱ्या. पश्चिमेकडे डोंगरात, मढच्या अंगाला, बाळंतपणात अडलेल्या बायका खाली आणता आणता वाटेतच दगावायच्या. डोलीत, बैलगाडीत. डॉक्टरीणबाईंनी हिराशेठना गाठलं आणि सरळ गाडी मागितली. अडलेल्या बाईसाठी निरोप आला की गाडी द्यायची, ड्रायव्हर गणपतसकट. शेठ दोन दिवस विचारात पडले. मग ‘हो’ म्हणाले, पण माझ्यासमोर एक अट घातली.

“बाई, गाडी न्या. पण माझ्या गाडीवर एक ओरखडा दिसला, तर त्या दिवसापासून किल्ली मिळायची नाही. मग मला पुढे काही विचारू नका.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. त्या पावसाळ्यापर्यंत गाडी पाच-सहा वेळा डोंगरात गेली. प्रत्येक वेळी परत आली की मी धुऊन, मेण लावून ठेवायचो. सगळं सुरळीत चाललं होतं.

भाताची झोडणी चालू होती तेव्हाची गोष्ट. शेठ पुतणीच्या लग्नाला नाशिकला गेले होते, पुढच्या बुधवारी सकाळी यायचे होते. गुरुवारी दुपारी गणपतने गाडी माझ्या दुकानापुढे आणून उभी केली आणि खाली उतरून माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी बाहेर आलो. क्षणभर मला वाटलं, ही दुसरीच कुणाची गाडी आहे.

काळ्या रंगाची तकाकी गेली होती. सगळ्या अंगावर बांगडीएवढी गोल गोल वेटोळी, भांडं घासल्यावर पडतात तशी. आणि बॉनेटवर तर रंगच नव्हता. मधोमध परातीएवढ्या जागेत खालचं तांबूस अस्तर उघडं पडलं होतं.

“गणप्या, हे काय?”

“मिस्तरी, मला बोलू नका. मी जेवाया गेलो व्हतो. त्यांनीच आग्रेव करून नेलं जेवाया. परत येतो तर ह्या बाया गाडीला भिडलेल्या. राख, चिंच आन् पेंढ्याचे बोळे. धा-बारा जणी!”

हळूहळू सगळं कळलं. मढच्या पलीकडच्या एका वाडीवर ठकूबाई नावाच्या म्हातारीची सून अडली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला सोडवलं, नातू झाला. वाडीला वाटलं, गाडी एवढ्या धुळीतून आपल्यासाठी आली, तिला अशी मळकी कशी परत धाडायची? म्हणून बायकांनी ती घासली. देवाची भांडी घासतात तशी, मन लावून.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी आल्या. बॉनेटवरच्या तांबूस जागेवर बोट टेकवून त्यांनी विचारलं.

“रहमानभाई, बुधवारपर्यंत होईल?”

मला खरं म्हणजे ‘नाही’ म्हणायचं होतं. पंचवीस दिवसांचं काम सहा दिवसांत होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या बाईंच्या तोंडावर जे होतं ते बघून माझ्या अंगात काहीतरी शिरलं. गाडी गेली तर पुढची अडलेली बाई डोलीतच जाणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“होईल,” मी म्हणालो. “कसं ते विचारू नका.”

त्याच दिवशी बॉनेट खरवडलं, ओरखड्यांत लांबीचा लगदा भरला, अस्तर दिलं. बाजूचा रंग पुरेसा जाड होता, तो नुसता घासून वर आणता येणार होता. पण त्याला पूड लागते, आणि माझ्याकडे पूड होती मूठभर. पुण्याला एसटीवाल्याबरोबर निरोप धाडला. उत्तर आलं, माल आठवड्याने येईल.

रविवारी बाजाराच्या दिवशी एक म्हातारी दुकानापुढे येऊन उभी राहिली. वाळकी, काळीसावळी, कासोटा घातलेली, डोक्यावर गाठोडं. दारातूनच गाडी बघितली आणि म्हणाली, “हीच ती. मी ठकूबाई. मीच घासली.”

मी फडकं खांद्यावर टाकून म्हणालो, “आजी, बाकीची गाडी घासली ती घासली. पण बॉनेटवर एवढा राग कशाला काढला?”

“राग न्हाई रं भाऊ. ती जागा ऊन लागत व्हती. हात ठिवला तर चटका बसंल एवढी. मंग मला वाटलं, आत जाळ हाय आन् वर काळं झालंय, म्हंजी काजळीच की! भांड्याच्या बुडाला धरती तशी. मोटारवाला पुरुषमाणूस, त्यो कशाला कधी घासतोय? म्हनलं, आपुनच काढू. लई येळ निघंना. मंग आतून तांबूस दिसाया लागलं. मी समद्यांना म्हनलं, बायांनो, आत तांबं हाय, घासा!”

मला हसूही आलं आणि रडूही. जगात एवढे रंगारी झाले, पण इंजिनाची ऊब बघून रंगाला काजळी समजणारी बाई फक्त आमच्या डोंगरातच निघू शकते. आणि खरं सांगायचं तर तिचा हिशेब चुकला नव्हता. ज्या वस्तूखाली जाळ असतो, ती काळी होते. हे तिने जन्मभर बघितलं होतं.

“गणपत म्हनला, तुमचा शेठ गाडी देनार न्हाई आता. व्हय?”

“दिसलं तर नाही देणार.”

“मंग दिसाया नको,” ठकूबाई म्हणाली, गाठोडं खाली ठेवलं आणि पदर खोचला. “आमच्या हातानं बिघाडलंय, आमीच निस्तरू. सांग, काय करू?”

मी सांगितलं की काहीच करू नको, पूडच संपली आहे. पूड म्हणजे काय, म्हणून तिने विचारलं. उरलेली चिमूटभर तिच्या तळव्यावर ठेवली. तिने ती दोन बोटांत चोळली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकली.

“ही तर आमची दात घासायची राख.”

गाठोड्यातून तिने एक पुरचुंडी काढली. भाताच्या तुसाची राख, फडक्यातून दोनदा गाळलेली. ती लोक दाताला लावतात. मी ती अंगठ्याच्या नखावर घासून पाहिली. नखाला चमक आली. मला विश्वास ठेवायचा होता आणि भीती वाटत होती. एवढ्यासाठी की ज्या राखेने गाडीचा सत्यानाश केला, तीच परत गाडीला लावायची!

पण चुलीतली भरड राख वेगळी आणि ही वेगळी. मी ती पाण्याने भरलेल्या घमेल्यात ढवळली, जड कण खाली बसू दिले आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं. तासाभराने त्याच्या तळाशी जे बसलं ते लोण्यासारखं मऊ होतं. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे शेठच काय, देवही बघणार नाही, तिथे चोळून पाहिलं. वेटोळी विरली आणि काळा रंग खालून वर आला.

त्यानंतर दोन दिवस आम्ही दोघं त्या गाडीला लागलो. मी एका बाजूने, ठकूबाई दुसऱ्या बाजूने. तिला एकदाच दाखवलं की गोल नाही, सरळ घासायचं आणि हाताचा भार टाकायचा नाही. परत सांगावं लागलं नाही. एवढा चांगला हात माझ्या पुढच्या आयुष्यात मला मिळाला नाही, आणि ती बाई साठीच्या घरात होती. दुपारी आमच्या घरून भाकरी यायची, ठकूबाई स्वतःच्या पानातली चटणी मला द्यायची. रात्री ती ओळखीच्या घरी ओसरीवर निजायची. सोमवारी संध्याकाळी दाराच्या पत्र्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. तिने तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “अगं बाई, लई म्हातारी झालीया मी!”

राहिलं बॉनेट. तिथे रोज एकेक हात देत होतो. मंगळवारी दुपारी शेवटचा हात द्यायचा होता. त्या हाताला तर नवी नवरी सांभाळतात तसं सांभाळावं लागतं. दुकानाची जमीन पाण्याने भिजवली, गाडीच्या काचांना ओले कागद चिकटवले, दार लावून घेतलं. ठकूबाईला सांगितलं, श्वास सुद्धा जपून घे. रंग लवकर वाळावा म्हणून त्यात ड्रायर, म्हणजे वाळवायचं औषध, जरा जास्तच घातलं आणि एका दमात बॉनेट रंगवलं. अंगावर काटा यावा असा रंग बसला होता. एक ब्रशचा केस नाही, एक ओघळ नाही. उद्या सकाळी शेठ येतील तेव्हा त्यांना कळणारसुद्धा नाही, असं माझ्या मनात आलं आणि मी छाती फुगवून ठकूबाईकडे बघितलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर डॉक्टरीणबाई, त्यांच्या हातात पिशवी. मागे गणपत, आणि धुळीने माखलेला एक माणूस सायकलला धरून उभा. तोही मढच्याच बाजूचा. बायकोला सकाळपासून कळा येत होत्या आणि मूल खाली सरकत नव्हतं.

गणपत इंजिनात घालायला पाणी आणायला गेला. डॉक्टरीणबाईंनी आत डोकावून बघितलं. बॉनेट ओलं होतं, हे त्यांना लांबूनही दिसत होतं. वाटेवर घोटाभर धूळ होती.

माझ्या तोंडातून निघालं, “अर्धा तास थांबा. ड्रायर घातलाय. अर्ध्या तासाने वर साय धरेल, मग धूळ आत रुतणार नाही. मी ती उद्या पुसून काढीन.”

डॉक्टरीणबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. त्यांच्या मनात काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात तेच होतं. आज गाडी धुळीत घातली तर उद्या शेठ किल्ली काढून घेणार. मग या एका बाईपायी पुढच्या सगळ्या बायका जाणार. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बाकावर टेकल्या. सायकलवाला बिचारा आमच्याकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं, मोटार निघायला वेळ लागत असेल.

मी बॉनेटजवळ उभा होतो. कोपऱ्यावर करंगळी टेकवून बघत होतो. चिकट. परत बघितलं, चिकटच. ठकूबाई भिंतीशी बसली होती. तिने एकदा माझ्याकडे, एकदा डॉक्टरीणबाईंकडे बघितलं.

“कशाची वाट बघताय?”

“आजी, रंग जरा धरू दे.”

“किती?”

“झाली दहा मिनिटं. अजून वीस.”

ती उठली. समोरच्या काचेचा कागद धरला आणि टरकन फाडला. मग दुसरा फाडला. त्यानंतर माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, माझी सून आत पडली व्हती तवा तुमी असं थांबला असता, तर मी काय घासलं असतं?”

मग मात्र मीच दार सताड उघडलं. गणपत पाणी घेऊन आला, त्याने हँडल मारलं. इंजिन सुरू झालं तसा ठकूबाईनेही ‘वाट दावाया मी येते’ म्हणत आत पाय टाकला. गाडी बाजारपेठेतून बाहेर पडली आणि तिच्यामागे धुळीचा लोट उठला. मी रिकाम्या दुकानात ओल्या जमिनीवर उभा होतो. सहा दिवस आणि सगळी अक्कल त्या धुळीत गेली, असं मला वाटलं. लाज वाटायला हवी होती ती नंतर वाटली.

बुधवारी सकाळी शेठ एसटीने आले. घरी गाडी नाही बघून सरळ दुकानात. मी सगळं सांगितलं. राख, चिंच, काजळी, सहा दिवस लपवाछपवी, सगळं. एक गोष्ट सोडून. शेठ लाल झाले.

“मला का सांगितलं नाही? मी काय राक्षस आहे? ओरखडा पडू नये म्हणालो ते हौसेपायी! मनुष्याच्या जिवापुढे मी गाडी धरून बसेन, असं वाटलं तुम्हाला?”

मी मान खाली घातली. अट त्यांनीच घातली होती, पण तेव्हा ते बोलायची वेळ नव्हती. त्यात त्यांचं खरंही होतं. आम्ही माणसाला विचारलंच नव्हतं, त्याच्या गाडीवरून त्याला ओळखलं होतं.

आठच्या सुमारास गाडी आली. बॉनेटवर मढपर्यंतची अख्खी वाट बसली होती, करड्या मातीचा थर, रंगात कायमचा रुतलेला. मधूनमधून गवताच्या काड्या. डॉक्टरीणबाई उतरल्या. डोळे लाल, लुगड्यावर डाग.

“दोघंही आहेत,” त्या शेठना म्हणाल्या. “मुलगी झाली. नाळ गळ्याभोवती होती, निळी पडली होती. अजून पंधरा-वीस मिनिटं उशीर झाला असता तर हाती लागली नसती.”

ठकूबाई गाडीतून उतरत होती. तिने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी बोलून झाल्यावर नजर खाली वळवली. आम्हा तिघांशिवाय तिथे कुणालाही त्या वीस मिनिटांचा अर्थ कळला नाही.

शेठ बॉनेटवरून हात फिरवत होते. कानशीवर फिरवावा तसा तो खरखरत होता. मी म्हणालो, चार दिवसांत परत पहिल्यासारखं करून देतो.

“आणि त्या चार दिवसांत बाईंना गाडी लागली तर?”

मी ब्रशकडे गेलेला हात मागे घेतला.

“मग राहू दे,” शेठ म्हणाले. किल्ली त्यांनी गणपतला नाही, डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. आणि मग चार लोकांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवला. “रंगारी असावा तर असा. ओला रंग डोळ्यांदेखत धुळीत घातला, पण क्षणाचाही विचार केला नाही.”

पुढे कितीतरी वर्षं ती गाडी त्याच बॉनेटने फिरली आणि शेठ भेटेल त्याला ही गोष्ट सांगत राहिले. लोक मला वाटेत थांबवून शाबासकी द्यायचे. मी ती घेतली. ठकूबाईने कधी कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरीणबाईंनी तर नाहीच. आता त्या दोघी नाहीत, शेठही नाहीत, म्हणून मीच लिहून टाकतो. विचार मी केला होता. दहा मिनिटं केला होता, आणि ठकूबाई नसती तर पुरा अर्धा तास केला असता.